कोशाला हात लावायचा नाही

५ सप्टेंबर १९८४, बुधवार

शिक्षक दिन. पहिलीच्या मुलांनी तेरड्याची फुलं दिली. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून दिली ती धास्ती.

"रत्नप्रभा, चोवीसला निरीक्षक साहेब येतायत. परिसर अभ्यासाचा आदर्श पाठ तू घे. फुलपाखराचं जीवनचक्र. साहेबांना आवडला तर तुला कायम करायचा कागद पुढे सरकेल. नाही तर..." त्या खडूची पेटी सरळ करत बसल्या. पुढचं मला पाठच आहे. चार वर्षं मी दर जूनला नव्याने लागते आणि दर एप्रिलला सुटते. ऑक्टोबरात आमच्या दुसऱ्या शाखेतल्या एक जादा ठरलेल्या बाई इथे यायच्यात, आणि एका वर्गात दोन बाई मावत नाहीत. ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. पावणेतीन वर्षं हे घरी बसून दाराकडे बघतात. म्हणजे मी सुटले की दाराकडे बघायला आम्ही दोघं.

कपाटातून तक्ता काढला. वाळवीने नेमकं फुलपाखरू खाल्लंय. अंडं, अळी आणि कोश शिल्लक. याच्यावर काय आदर्श पाठ घेणार, कपाळ!

६ सप्टेंबर

आमचा शिपाई काशीराम म्हणाला, "बाई, टाकीमागच्या लिंबाच्या झाडाला कीड लागलीय, उद्या रॉकेल मारतो." मी धावले. पानांवर दोन अळ्या होत्या, अगदी चिमणीने घाण केल्यासारख्या दिसणाऱ्या. लिंबावरच्या फुलपाखराच्याच त्या, डी.एड.ला शिकले होते. काशीरामच्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हटलं, या झाडाला रॉकेल लावशील तर याद राख. तो बघतच राहिला.

आता तक्ता नको, खरंच दाखवीन. साहेबांच्या आयुष्यात असा पाठ झाला नसेल. लोणच्याची बरणी धुऊन उन्हात ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. दिवसा शाळेत, संध्याकाळी घरी.

हे म्हणाले, "अगो, ह्यां काय आणलंस घरात? किडे?" मी म्हटलं, नोकरी आणलीय, हात लावू नका.

७ सप्टेंबर

वर्गात बरणी उघडायची खोटी, शेवंतीने बोट घातलंच. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही पोर. हिचे डोळे बोटांच्या टोकाला आहेत. खडू, फळा, माझी साडी, सगळं हात लावून बघणार. अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढली, घाण वास सुटला, वर्गात किंकाळ्या. मी तिच्या हातावर चापटी मारली. "हात लावलास तर मरेल ना ती!"

शेवंती रडली नाही. म्हणाली, "आमच्याकडं बाळ आलाय बाई. मंगळवारी. मी त्याला हात लावते. मऊ हाय."

"बाळालाही सारखा हात लावू नये," मी म्हटलं. तान्ह्या बाळांचं असतंच तसं. एवढ्या-तेवढ्याने दुखणं येतं.

१० सप्टेंबर

अळ्यांनी कात टाकली, हिरव्यागार झाल्या. खादाड इतक्या की रविवारी पानं संपली, आणि शाळेला कुलूप. कढीपत्ताही खातात त्या, पण बाजारातला द्यायला जीव धजेना, फवारा मारलेला असला तर? हे सकाळीच निघाले आणि गोराई रस्त्याच्या कुणाच्या तरी वाडीतून कढीपत्त्याच्या फांद्याच घेऊन आले. दाढीही केली होती. कशाला एवढं लांब जायचं म्हणून मी ओरडले.

१२ सप्टेंबर

शेवंती कालपासून गैरहजर. साहेब हजेरीपट बघतात, त्यामुळे चौकशी केली. तिच्या शेजारच्या मथुरेने सांगितलं, "त्यांचं बाळ गेलं ना बाई. दुपट्यात गुंडाळून खाडीच्या बांधावर पुरलं. लहान बाळाला जाळत नाहीत ना? शेवंती पण गेली होती मागून."

मथुरेला सगळी माहिती. सहा वर्षांच्या पोरीला कोण सांगतं हे सगळं? मी तिला अंक गिरवायला बसवलं. वाईट वाटलं. बारसंही झालं नव्हतं, म्हणजे नाव नाहीच.

एक अळी खायची थांबलीय. नुसती फिरतेय. आजारी नसेल ना? दुसरीही सुस्त. देवा, आता नको.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आजारी नव्हत्या! रात्रीतून दोघींनी कोश केले. काडीला कमरेशी एक धागा बांधून घेतलाय, हिरवट, पानासारखे. नऊ-दहा दिवसांत एवढा आनंद झाला नव्हता.

खरं सांगायचं तर पहाटे मी दुसरीला बघितलं, ती काही गुंडाळून घेत नव्हती. पाठीवरून कातडं फुटलं आणि आतून कोशच निघाला. माझ्या पाठ टाचणात मात्र "अळी स्वतःला गुंडाळून घेते" असं आहे. पण पहिलीच्या मुलांना कातडं-बितडं काय सांगायचं? मला एक उदाहरण सुचलं ते इतकं झकास होतं की मी तेच वापरलं.

"आई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवते की नाही? तशी अळी स्वतःला गुंडाळून निजते. हलत नाही, बोलत नाही. आपल्याला वाटतं मेली. पण मेलेली नसते! दहा-अकरा दिवसांनी दुपटं उघडतं आणि..." दोन्ही हातांचे पंख केले. मुलं टाळ्या वाजवत उठली. अख्ख्या वर्गाला एका फटक्यात कळलं. मोठ्या बाई दारातून बघत होत्या, त्यांनी मान डोलावली.

शेवंती आज आली. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण एकटक ऐकत होती. आल्यापासून दोन्ही हात पाठीमागे बांधून बसते. चला, चापटीचा उपयोग झाला. शिस्त लागली पोरीला.

१७ सप्टेंबर

फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक रेघ मारतो. चोवीसला उघडणार असं मुलांना सांगून ठेवलंय. रेघ मारायला शेवंती पहिली उठते.

कधी नव्हे ती प्रश्न विचारते. आज तर झडीच लावली. "बाई, कोश मातीत पण असतो?" मी चकित. म्हटलं, शाब्बास! काही किड्यांचे असतात हो मातीत. "आत भूक लागत नाय?" नाही. "रडत पण नाय?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, कोशात कुणी रडत नाही गं. "मग उघडून बघायचं नाय?" अजिबात नाही, कोशाला हात लावायचा नाही. हात लावला तर आतलं मोडतं, मग बाहेर कधीच येत नाही.

तिने सगळ्या वर्गाकडे बघून मान डोलावली, जणू बाई तीच. हे चारही प्रश्न मी टाचणात "विद्यार्थ्यांचे अपेक्षित प्रश्न" म्हणून लिहून घेतले. साहेबांसमोर शेवंतीलाच विचारायला लावीन.

१९ सप्टेंबर

एका कोशाच्या बाजूला काळा डाग पडलाय. कालपर्यंत नव्हता. दुसऱ्याला काही नाही.

हे बरणीसमोर पाटावर बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो गेलो गो." मी अशी अंगावर गेले की शेजारची दारं उघडली. तुम्हाला काय कळतं, तुम्ही नुसतं गेलं, गेलं म्हणा, गिरणी गेली, नोकरी गेली, आता माझीही जाऊ दे. ते उठून कढीपत्त्याच्या वाळलेल्या फांद्या बाहेर टाकून आले.

मी बरणी अशी फिरवून ठेवलीय की डाग भिंतीकडे जाईल. वर्गातही तशीच ठेवीन. साहेबांना एक उघडलेला दिसला की पुरे. मुलांना कशाला सांगायचं? रडारड होईल.

२२ सप्टेंबर, शनिवार

नवीन काळजी. चांगला कोश एकदम गडद झालाय, आतले पिवळे ठिपके दिसायला लागलेत. म्हणजे आज-उद्यात उघडणार. उद्या रविवार! रविवारी उघडला तर सोमवारी मी साहेबांना काय दाखवू, रिकामं टरफल? बरणीला ओलं फडकं गुंडाळून माठाजवळ गारव्याला ठेवलीय. एखादा दिवस तरी थांबेल. एवढंसं फुलपाखरू, पण माझं सगळं त्याच्या दोन पंखांवर टांगलंय आणि मला त्याची भयंकर लाज वाटते.

शाळा सुटताना शेवंतीची आजी पार्वती फाटकाशी उभी होती. मासळीची टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाय, आमची पोर दुपारची बांधावर जाऊन बसते. बोलवली तर येत नाय. तिला शालेत काय सांगितलाव काय?" मी घाईत होते, हातात बरणी. म्हटलं, आजी, सोमवार होऊ दे, मग निवांत बोलू. ती "बरं बाय" म्हणाली आणि टोपली उचलायला तिने मला हात लावायला सांगितलं. बरणी होती म्हणून मी काशीरामला हाक मारली.

२३ सप्टेंबर

अजून आत आहे. देवा, एक दिवस. फक्त एक दिवस.

२४ सप्टेंबर, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

काशीराम सकाळीच म्हणाला होता, उद्या अवस, आज उधाण मोठं आहे, कोळीवाड्याच्या बोळात पाणी शिरेल. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कोश शाबूत होता, मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. दहाला साहेब आणि मोठ्या बाई मागच्या बाकावर बसले. अंडं झालं, अळी झाली. आवाज लागला होता. मुलं हात वर करत होती. कोशाशी आले आणि दुपट्याचं उदाहरण दिलं. साहेब हसून काहीतरी लिहायला लागले. मी म्हटलं, कोशाबद्दल कुणाला काय विचारायचंय? आणि शेवंतीच्या जागेकडे बघितलं. जागा रिकामी.

मथुरेने हात वर केला. "बाई, शेवंती बाळाला आणायला गेली. आज कोश उघडणार ना!"

मुलं हसली नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मला वाटतं साहेबांनाही काही कळलं नाही. मला मात्र ते चारही प्रश्न एकदम ऐकू आले. मातीत पण असतो? भूक लागत नाय? रडत पण नाय? उघडून बघायचं नाय?

मी खडू ठेवला. "साहेब, मी आलेच," एवढंच म्हटलं. मोठ्या बाई उठून दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रत्नप्रभा, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं थांब, पाठ संपव, मग काशीरामला पाठवू." मी त्यांच्या बाजूने निघून गेले.

कोळीवाड्याची घरं संपतात तिथून तिवरांच्या झुडपांमधून बांध जातो. पाणी दोन्ही बाजूंनी वर आलं होतं, एका ठिकाणी बांधावरून वाहत होतं. मी चपला हातात घेतल्या, मग कुठेतरी टाकल्या. बांधाच्या टोकाला उंचवटा आहे, तिथे शेवंती बसली होती. समोर मातीचा एवढासा ढीग आणि त्यावर शिंपले. मांडीवर एक झबलं आणि टोपडं, घडी घातलेलं. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

तिने ढिगाऱ्याला बोटही लावलं नव्हतं. मी जवळ गेले तशी दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, हळू. तुमी पण हात लावू नका."

मी खाली बसले. ती म्हणाली, "किती वाजता उघडतो?"

मी म्हटलं, "शेवंती, पाणी येतंय गं."

"म्हणून तर बसलेय. त्याला पाणी लागला तर?"

इथे मी सांगायला हवं होतं. बाई मी होते, सांगायचं काम माझं होतं.  एकवीस वर्षांपूर्वी बाळंतिणीच्या खाटेवर मलाही असंच "देवाघरी गेलं, बघू नको" म्हणून तोंड भिंतीकडे करून निजवलं होतं. त्याबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नाही. मी एवढंच म्हटलं, "काही कोशांना उशीर लागतो गं. चल."

तिला कडेवर घेतली. गुडघाभर पाण्यातून येताना तिने माझ्या मानेला हात घातले नाहीत. हात तसेच पाठीमागे.

२६ सप्टेंबर

मोठ्या बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "मला कळतं गं. पण साहेबांनी शेऱ्यात लिहिलंय, पाठ चालू असताना शिक्षिका वर्ग सोडून गेल्या. त्याच्यापुढे मी काय बोलू?" शनिवारी माझा शेवटचा दिवस.

काशीरामने सांगितलं, मी गेल्यावर दहा मिनिटांत कोश उघडला. साहेब खुर्ची पुढे घेऊन बसले होते म्हणे. मुलं श्वास धरून बघत होती. ओले पंख सुकेपर्यंत सगळे थांबले, मग काशीरामने कापड सोडलं आणि ते खिडकीतून गेलं. "लय भारी पाठ झाला बाई," तो म्हणाला. मी ते फुलपाखरू बघितलंच नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, गेली ना! अळ्या राहिल्या नव्हत्या तरी ते पायात वहाणा घालून कढीपत्ता आणायला निघालेच होते. म्हटलं, आता कुणासाठी? ते उंबऱ्याशी थांबले. मग आत येऊन त्यांनी चहा टाकला. बशीत ओतून माझ्या हातात दिली.

२७ सप्टेंबर

शेवंती रोज जाते आहे. शाळा सुटली की बांधावर.

आज मी कोळीवाड्यात गेले. तिची आई चंपा भिंतीला टेकून बसली होती, माझ्याकडे बघितलं नाही. पार्वती बाहेर मासे वाळत घालत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उशीर लागेल, बाई बोलल्या, असा सांगते. मी बोलावलं तर ऐकत नाय, बाईंचा ऐकते. बाय, आमी बोलतो देवाघरी गेला. तुमी बोलता उशीर लागेल. खरा कुणी सांगायचा?"

मी तिथेच उकिडवी बसून दोन-चार मासे पसरून दिले. घरी येऊन बरणी भिंतीकडून फिरवली. आतला कोश पूर्ण काळा पडलाय.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज मला कुणाचीच भीती नव्हती, त्यामुळे पाठ चांगला घेतला. टाचण काढलं नाही.

बरणी टेबलावर ठेवली, मुलांना जवळ बोलावलं, गोल करून बसवलं. म्हटलं, कोश दोन होते. एक उघडला तो तुम्ही बघितलात. हा दुसरा मी तुमच्यापासून लपवून ठेवला होता, कारण मला भीती वाटत होती. काडी बाहेर काढून हातावर घेतली.

"हा मेलाय. याला उशीर लागत नाहीये. हा कधीच येणार नाही."

मथुरा म्हणाली, "पण तुम्ही सांगितलेलं, दुपट्यात झोपतो, मरत नाही."

"मी चुकीचं सांगितलं. अळी दुपट्यात झोपत नाही. तिचं कातडं फुटून कोश होतो, ते वेगळं असतं. माणसाचं बाळ कोशात जात नाही. बाळ मेलं की दुपट्यात गुंडाळतात ते त्याला नीट ठेवायचं म्हणून, माया असते म्हणून. ते परत येत नाही. शेवंतीचं बाळ येणार नाही. मला हे त्या दिवशी सांगता आलं नाही."

 मी शेवंतीकडे बघितलं. ती रडेल, पळेल, मला मारेल, सगळ्याची तयारी केली होती. ती हात पाठीमागे बांधून माझ्या तळव्याकडे बघत होती. मग तिने अगदी हळू विचारलं,

"मी हात लावलेला म्हणून?"

"कशाला गं? कोशाला तर तू..."

"बाळाला. तो झोपलेला तवा. तुमी बोललेल्या लावू नको. मी लावला."

पंधरा दिवस मी त्या पाठीमागच्या हातांना शिस्त म्हणत होते. माझ्याच तोंडातून निघालेलं ते वाक्य. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही, बाईंनी वर्गात रडू नये हा नियम आता मला लागू नाही.

"नाही गं बाय. नाही. या कोशाला कुणीच हात लावला नव्हता, बघ ना. मी लावू दिलाच नाही कुणाला. तरी मेला. तुझ्या हाताने काही झालं नाही. तुझा हात त्याला गोडच लागला असेल."

ती विचार करत होती. सगळा वर्ग तिच्यासाठी थांबला होता. मग एक हात पाठीमागून पुढे आला.

"मग लावू?"

"लाव."

तिने एका बोटाने कोशावरून वरून खाली हात फिरवला, टाळूवरून फिरवतात तसा, पुन्हा पुन्हा. मग दुसराही हात पुढे आणला.

घंटा झाली. काशीरामला कपाटाची किल्ली दिली.